तोट्याच्या गाड्यांचा हिशेब अर्थसंकल्पात मांडा : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार
रेल भवन, नवी दिल्ली

महोदय,

प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम भारतीय रेल्वे वसूल करते, अशा आशयाची एक ओळ २०१६ पासून तिकिटांवर छापून येऊ लागली. २०२२-२३ मध्ये प्रवाशांना दिलेली सवलत ५६,९९३ कोटी रुपयांची होती, असेही सरकारने सांगितले आहे. या आकड्याशी माझे भांडण नाही. तो एकाच गाठोड्यात बांधून प्रवाशाच्या डोक्यावर ठेवला जातो, याला मात्र माझा आक्षेप आहे.

या गाठोड्यात मुंबईच्या लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास आहे, आडमार्गावर दिवसातून एखादी फेरी करणारी पॅसेंजर आहे, विद्यार्थ्यांच्या आणि रुग्णांच्या सवलती आहेत आणि गाड्या चालवण्याच्या पद्धतीतून वाढलेला खर्चही आहे. एकेरी मार्गावर पॅसेंजर लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहते, समोरून एक एक्स्प्रेस निघून जाते, मग मागून आलेली दुसरी पुढे काढली जाते. तेवढा वेळ इंजिन, डबे आणि कर्मचारी अडकून पडतात आणि त्याचा भार अखेर प्रवासी वाहतुकीच्या तोट्यातच दिसतो. रूळ, सिग्नल आणि स्थानके तर सर्व गाड्यांची सामायिक असल्यामुळे, त्यांच्या खर्चाचा किती वाटा कोणावर टाकायचा हे हिशेबाचे नियम ठरवतात. त्यामुळे तोट्यातली गाडी बंद केली की तोट्याएवढे पैसे वाचतात, असे होत नाही.

हा तोटा भरून निघतो तो मुख्यतः मालवाहतुकीच्या नफ्यातून, हे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालांत वर्षानुवर्षे नोंदवलेले आहे. रेल्वेच्या मालात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा, आणि कोळशाचे भाडे विजेच्या खर्चात जाते; म्हणजे ज्याच्या तालुक्यात रेल्वे पोहोचलेलीही नाही, तो विजेच्या बिलातून दुसऱ्याच्या तिकिटाला हातभार लावतो. शिवाय भाडे चढे ठेवले की ज्या मालाला पर्याय आहे तो ट्रकवर जातो. समाजाला हवी असलेली सेवा समाजाने करातून पोसावी, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण मग ती उघडपणे पोसावी.

हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. सामरिक महत्त्वाच्या मार्गांवरील तोट्याची भरपाई केंद्र सरकार रेल्वेला देतेच. जे सीमेवरच्या मार्गाला लागू होते ते आडमार्गावरच्या पॅसेंजरला का नाही? ब्रिटनने १९६८ च्या वाहतूक कायद्यानेच न परवडणाऱ्या पण सामाजिकदृष्ट्या आवश्यक रेल्वेसेवांसाठी अनुदानाची तरतूद केली. युरोपीय संघात २००७ च्या नियमानुसार अशी सेवा करारात लिहिली जाते आणि तिचा मोबदला ठरवून दिला जातो. आपल्याकडे २०१७ मध्ये रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला, तेव्हा ही सोय करण्याची उत्तम संधी होती. २०१५ मध्ये रेल्वेच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या बिबेक देबरॉय समितीनेही हिशेबपद्धती सुधारण्यावर भर दिला होता.

अनुदान स्वतंत्र लेखाशीर्षाखाली दिसू लागले की अर्थ मंत्रालय पहिली कात्री तिथेच लावील, अशी भीती रेल्वेच्या बाजूने व्यक्त होऊ शकते आणि ती निराधार नाही. परंतु कात्री आजही लागतेच, फक्त चर्चेविना. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. साध्या पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागून किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले आणि ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. यांपैकी कशावरही संसदेत स्वतंत्र मतदान झाले नाही.

म्हणून विनंती अशी की, पुढील अर्थसंकल्पाच्या अनुदान मागण्यांना एक परिशिष्ट जोडावे. त्यात उपनगरी सेवा, आडमार्ग आणि प्रत्येक प्रकारची सवलत यांचा तोटा वेगवेगळा दाखवावा, सेवा बंद केल्यास खरोखर वाचणारा खर्च आणि सामायिक खर्चाचा वाटा वेगळे लिहावेत, आणि भरपाईच्या बदल्यात किती फेऱ्या, किती डबे व किती वक्तशीरपणा अपेक्षित आहे तेही नमूद करावे, म्हणजे महालेखापरीक्षकांना तोट्याबरोबर मिळालेली सेवाही तपासता येईल.

आपला,
एक पासधारक प्रवासी