बाबांची चटणी सुटली नाही, ताई

ताई, सा. न. वि. वि.

बाबांना मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी करणारा आजार, आहे असं कळलं तेव्हा आम्ही गोळ्यांचं विचारलं, व्यायामाचं विचारलं. जेवणाचं विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. बाबांचा जन्म यंत्रमागावर गेला. डब्यात कायम कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर कच्चं तेल. तीच भाकरी घशात अडकायला लागली, तेव्हा आईनं सगळं पातळ करून टाकलं. वरणाचं पाणी, पाण्यासारखं ताक. तरी ठसका लागायचाच. शेवटी ठसक्याच्या धास्तीनं बाबा पाणीही पिईनात.

तुम्ही आहारतज्ज्ञ म्हणून आलात आणि आहाराचा तक्ता काढलाच नाही. "मावशी, ते कसे जेवतात ते मला बघू द्या," म्हणालात आणि अर्धा तास त्यांच्या शेजारी बसलात. मग आईला सांगितलंत, की गिळायचे स्नायू मंदावले की पातळ पदार्थ घसा सावरायच्या आत श्वासनलिकेत शिरतो, दाट पदार्थ सावकाश उतरतो. आम्ही नेमकं उलटं करत होतो! त्याच दुपारी तुम्ही ज्वारीचं आंबील दाट, बिनगुठळ्यांचं करून दाखवलंत. शेंगाचं नुसतं कूट टाळूला चिकटतं, म्हणून चटणी दह्यात लोण्यासारखी वाटून घेतलीत. हनुवटी जरा खाली घेऊन गिळायचं, जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हेही तेव्हाच शिकलो.

तूप आम्ही कधीचंच बंद केलं होतं. वजन ६१ वरून ५२ वर आलं, तर पाहुणे म्हणायचे, बरं झालं, अंग हलकं झालं. या आजारात पुष्कळांचं शरीर नुसतं पडून असतानाही जास्त ऊर्जा जाळतं आणि उतरणारं वजन आयुष्य कमी करतं, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं. प्रत्येक वाटीत तूप, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. वजन घटायचं थांबलं.

पण सगळ्यात मोठे उपकार नळीचे. अन्न थेट पोटात सोडायला पोटात नळी म्हणजे आता संपलं, असं धरून आई दोन दिवस रडत होती. फुप्फुसांची ताकद निम्म्याच्या खाली जाण्याआधी नळी बसवली तर धोका कमी, उशीर झाला तर तेच छोटं ऑपरेशन अवघड होतं, हे तुम्ही तिला तीनदा सांगितलंत. एकदाही आवाज चढवला नाहीत. आणि बाबांना वेगळं सांगितलंत: "काका, पोट नळीनं भरू. जीभ तुमचीच."

गड्ड्याच्या यात्रेआधी नळी बसली. पोटाची काळजी मिटली, तसं जेवणाच्या वेळेचं घरातलं दडपणही गेलं. संध्याकाळी बाबांना नीट ताठ बसवून आई ती दह्यातली चटणी चमच्याच्या टोकावर देते. बोलणं आता बंद झालंय, म्हणून ते पाटीवर लिहितात. काल लिहिलं, "तिखट कमी."

तुमची,
काकांची थोरली