टोकियोहून ओसाकाला जाताना: मित्रास पत्र

निशी-कासाई, टोकियो
रविवार, सकाळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत काका-काकू, वहिनी आणि सई यांना घेऊन तू येतो आहेस, हे वाचून घरात आम्ही आतापासूनच गाद्या मोजायला लागलो आहोत. टोकियोहून ओसाकाला कसे जायचे याचा तू केलेला हिशेब मी दोनदा वाचला. रात्रीच्या बसने गेल्यास तिकिटे निम्म्याच्या आसपास पडतात आणि हॉटेलची एक रात्र वाचते, हे तुझे म्हणणे आकड्यांपुरते बरोबर आहे. मात्र त्या हिशेबात दुसरा दिवस तू कुठेच मांडलेला नाहीस.

येथे आलो त्या पहिल्या वर्षी मीही हाच हिशेब करून रात्रीच्या बसमध्ये बसलो होतो. प्रवास आठ तासांचा. बस निघाली की पडदे ओढतात, दिवे मालवतात आणि मोबाइलचा उजेडही कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये अशी अपेक्षा असते. पहाटे दोनच्या सुमारास बस महामार्गावरील विश्रांतीस्थळी थांबली, तेव्हा पाय मोकळे करावेत म्हणून मी उतरलो. परत आलो तो एकसारख्या दिसणाऱ्या सहा-सात बस ओळीने उभ्या होत्या. मी दुसऱ्याच बसच्या पायरीवर चढलो आणि तिथल्या चालकाने अदबीने विचारलेला माझ्या बसचा क्रमांक मला सांगता येईना. माझी बस सुटायला दोन मिनिटे असताना ती सापडली, तोवर झोप पार उडाली होती. सकाळी साडेसहाला ओसाकातल्या उमेदाला उतरलो, तेव्हा दुकाने बंद होती आणि हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार होती. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. तुझे वडील शहात्तर वर्षांचे आहेत आणि त्यांच्या कमरेचे दुखणे तूच मला सविस्तर कळवले आहेस. तेव्हा बसचा विषय येथेच संपवू.

विमानाचे तू विचारलेस. टोकियोच्या हानेदा विमानतळाहून ओसाकाच्या इतामी विमानतळावर विमान तासाभरात पोहोचते, परंतु माझ्या घरून हानेदाला जाणे, तपासणी, वाट पाहणे आणि इतामीहून पुन्हा शहरात येणे हे सारे धरले, तर वेळ आगगाडीइतकाच लागतो आणि सामान घेऊन चढउतार मात्र दुप्पट होते. साध्या गाड्या बदलत दिवसभर जाण्याची हौस स्वस्त तिकिटावर भागते खरी, पण ते हंगामी तिकीट दिवाळीच्या दिवसांत विकतच नाहीत.

राहिली शिनकान्सेन, म्हणजे येथली बुलेट ट्रेन. तिच्या टोकियो-ओसाका या तोकाइदो मार्गावर तीन नावांच्या गाड्या धावतात: नोझोमी, हिकारी आणि कोदामा, म्हणजे आशा, प्रकाश आणि पडसाद. नोझोमी वाटेत शिनागावा, शिन-योकोहामा, नागोया आणि क्योतो एवढ्याच स्थानकांवर थांबून अडीच तासांच्या आत शिन-ओसाका गाठते. हिकारीला साधारण तीन तास लागतात. कोदामा सतराच्या सतरा स्थानकांवर थांबत चार तासांनी पोहोचते. एरवीच्या दिवसांत नोझोमीचे आरक्षित तिकीट १४,७२० येन आणि हिकारीचे १४,४०० येन, म्हणजे फरक अवघा ३२० येनांचा. सईला अर्धे तिकीट लागेल, तेव्हा नोझोमीने तुम्हा पाचजणांचे एका वेळचे ६६,००० येनांच्या थोडे वर होतात. ज्या रेल्वे पासबद्दल तुझ्या कार्यालयातील मंडळी सांगत आहेत, तो पूर्वी खरोखर फायद्याचा होता. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० वरून एकदम ५०,००० येनांवर गेली. शिवाय त्यावर नोझोमीत बसायचे तर वेगळे पैसे भरावे लागतात. केवळ टोकियो-ओसाका जाऊन-येऊन करणाऱ्याने तो घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता माझे मत सांगतो, आणि तुला ते विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. येताना खुशाल नोझोमीने या. जाताना मात्र कोदामाने जा. कारण काका. ज्या माणसाने उभी हयात मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, त्याला नोझोमीत बसवले तर खिडकीबाहेर नुसती धावती घरे दिसतील. कोदामाचे तसे नाही. मागून येणाऱ्या नोझोमीला वाट देण्यासाठी ती वाटेतील अनेक स्थानकांवर बाजूच्या रुळावर चार-पाच मिनिटे उभी राहते. ओदावाराला आपण फलाटाशी स्वस्थ उभे असतो, सईने पेल्यातले पाणी तोंडाला लावलेले असते आणि एकाएकी मधल्या रुळावरून सोळा डबे पूर्ण वेगाने निघून जातात. आपली गाडी अंगावर शहारा आल्यासारखी एकदा हलते, पेल्यातले पाणी डुचमळते आणि मग पुन्हा सारे शांत होते. कर्जत-लोणावळ्याच्या गोष्टी सांगणारे काका हे पाहून घड्याळ काढणार नाहीत, असे होणे नाही. त्यांना हेही सांग की १ ऑक्टोबर १९६४ रोजी हा मार्ग सुरू झाला, तेव्हा सर्वांत वेगवान हिकारीला ओसाकापर्यंत चार तासच लागत होते; म्हणजे आज जिला आपण रखडणारी म्हणतो, ती कोदामा तेव्हाच्या जगातल्या नवलाइतकीच वेगवान आहे. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी शिनकान्सेनचेच तंत्र घेतले आहे आणि तो मार्गही ५०८ किलोमीटरचा, म्हणजे जवळपास एवढ्याच लांबीचा आहे, यावर ते पुढे तुला तासभर तरी ऐकवतील.

कोदामासाठी सवलतीची तिकिटे आगाऊ मिळतात आणि सोबत एका पेयाचे कूपनही देतात. अट एवढीच की ठरलेल्या गाडीनेच जावे लागते. ती चुकली तर तिकीट वाया जाते. नोझोमीचे तसे भय नाही. गर्दीच्या वेळी ताशी दहा-बारा नोझोमी सुटतात आणि अॅपवरून काढलेले नेहमीचे तिकीट गाडी सुटण्यापूर्वी फुकट बदलता येते. त्यामुळे डेक्कन क्वीन चुकल्यावर तुझी जी अवस्था होते, तशी येथे होण्याचे कारण नाही. तुमची कोदामाची तिकिटे मी काढून ठेवतो.

जाताना जागा उजव्या बाजूच्या हव्यात. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसने असतात. त्या दोनांपैकी खिडकीचे जे ई आसन, तिकडून फुजी दिसतो. शिन-फुजी स्थानकावर नोझोमी थांबत नाही, कोदामा थांबते, आणि आकाश स्वच्छ असेल तर तो बसल्या जागेवरून निवांत पाहता येतो. म्हणून सकाळची गाडी धरू. नोव्हेंबरात सकाळी ढग कमी असण्याची शक्यता अधिक. ई आसन काकूंना द्यावे, कारण काका तसेही जागेवर बसणार नाहीत.

खाण्याचे म्हणशील तर स्थानकावर मिळणारे एकिबेन, म्हणजे डब्यातले तयार जेवण, देखणे असते, पण बहुतेकांत माशाचे पाणी कुठे ना कुठे असतेच. काकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी. गाडीत डबा उघडून जेवणे येथे अगदी रीतीचे आहे.

शेवटचा मुद्दा सामानाचा, आणि यात हयगय नको. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर डब्याच्या मागच्या बाजूची विशिष्ट आसने आधी आरक्षित करावी लागतात; न केल्यास १,००० येन भरावे लागतात. त्यापेक्षा असे करू: मोठ्या बॅगा आदल्या दिवशी ताक्क्युबिनने, म्हणजे सामान पोहोचवणाऱ्या सेवेने, ओसाकाच्या हॉटेलवर पाठवू, म्हणजे तुमच्याजवळ एका रात्रीचे कपडे, काकांची औषधे आणि डबा एवढेच राहील. तेव्हा घरातील बॅगांची मापे टेपने घेऊन या आठवड्यात कळव, आणि चाके व मूठ धरून मोजायचे असते हे वहिनींना आवर्जून सांग. तू मोजलेस तर चाके हमखास विसरशील.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध