ती जागा रिकामीच हवी

संपादक महोदय,

कालच्या अंकातलं ‘दिव्यांगांच्या राखीव पार्किंगच्या जागा दिवसभर रिकाम्या पडून असतात, त्या सर्वांना खुल्या करा’ हे वाचकपत्र वाचलं आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

माझी मुलगी १९ वर्षांची आहे. व्हीलचेअर वापरते. गाडीचं दार सताड उघडल्याशिवाय खुर्ची सीटला लागत नाही. आपण अंग चोरून उतरतो, तसं तिला उतरता येत नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत या जागेची रुंदी ३.६ मीटर ठरवली आहे ती यासाठीच. शेजारचे तिरके पट्टे दुचाक्या लावायला आखलेले नाहीत. तिथे तिची खुर्ची उभी राहते.

गेल्या महिन्यात फिजिओथेरपी आटोपून एका रुग्णालयाबाहेर आलो, तर त्या पट्ट्यांवर एक मोठी गाडी लावलेली. वॉचमन म्हणाला, ‘पाच मिनिटांत येतो म्हणालेत.’ वीस मिनिटं उन्हात थांबलो. शेवटी आमची गाडी मागे घेऊन येण्याजाण्याच्या वाटेतच उभी केली. मुलीच्या काखेत हात घालून तिला उचलत होतो आणि मागून हॉर्नवर हॉर्न. त्या घाईत तिची एक चप्पल गाडीखाली गेली. ती काढायलाही मागच्यांनी वेळ दिला नाही. घरी येईपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही.

पत्रलेखकांना एवढंच विचारायचं आहे, आम्ही पोहोचू तेव्हा ती जागा भरलेली असेल तर आम्ही कुठे उतरायचं? दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६च्या कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारतींत सोयी करायला पाच वर्षं दिली होती, ती केव्हाच उलटली. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे, निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानंही नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं आहे. तरी आमच्याकडे जमिनीवर निळं चित्र रंगवलं की काम संपलं. तिथे दुसऱ्याची गाडी लागली तर हटवायचं कोणी, हे वॉचमनलाही माहीत नसतं.

आणखी एक. तुमच्या बातम्यांत ‘व्हीलचेअरला खिळलेली’ असं वारंवार छापून येतं. माझी मुलगी त्याच खुर्चीमुळे रोज कॉलेजला जाते. हा शब्द कृपया थांबवा. हे पत्रात लिहाच, असं तिनं मला बजावून सांगितलं आहे.

– एक पालक, पुणे