बाळंतपणाला गुहागरला येत नाहीये

रत्नागिरी, १० जुलै २०२१

आई-बाबा,

फोनवर आईचा आवाज ऐकला की रडू येतं आणि मग बाबा घाबरतात, म्हणून लिहितेय. बाळंतपणाला मी गुहागरला येत नाहीये, इथेच राहणार, ठरलंय आमचं. लगेच माजघराकडे बघून उसासे नका टाकू. रात्री कळा आल्या तर तवसाळची फेरीबोट नाही, चिपळूण गाठायचं तर चाळीसेक किलोमीटर, त्यात हा पाऊस, आणि माझे डॉक्टर इथे आहेत. दोन्ही डॉक्टर.

हो, दुसऱ्या मनाच्या. एप्रिल-मेमध्ये सगळीकडे कोरोनाच्या, ऑक्सिजनच्या बातम्या, चेकअपला एकटीनेच आत जायचं, तुमचे जावई बाहेर स्कूटरवर. झोप नाही, जेवण नको, बाळ हललं तरी धडकीच भरायची. तेव्हा डॉक्टरांनी दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला, एडिंबरा स्केल म्हणतात त्याला, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, त्यावर मी 'कधीच नाही' लिहिलं आणि ते खरं आहे, तेव्हा बाबा, तो विषय डोक्यातून काढा. बाकी स्कोअर मात्र जास्त आला. डिप्रेशन. धाकट्या काकूच्या वेळी आपण कौल लावत बसलो, मी कोणाला दोष देत नाहीये, तेव्हा कोणाला काही माहीतच नव्हतं, पण आता माहीत आहे ना.

व्हिडिओ कॉलवर कौन्सेलिंग चालू आहे आणि कमी डोसची गोळी. आई, पोटुशीला गोळी कशी म्हणशील, पण गरोदरपणात देता येतात त्यातलीच बघून दिलीय, आणि हे दुखणं तसंच अंगावर काढलं तर बाळ लवकर होण्याची, वजन कमी भरण्याची भीती असते. आता झोप लागतेय मला, खरंच.

जेवणाची काळजी नको. शेजारच्या काकू सकाळी पेज देतात, रात्री आटवल नि मेतकूट. तुझं कुळथाचं पीठ संपत आलंय ते मात्र पाठव. परवा विजा कडाडल्या तर वाटलं, लहानपणीसारखं पडवीतून धावत येऊन बाबांच्या पंच्यात डोकं खुपसावं.

बाबा, तौक्ते वादळात पडलेल्या पोफळी स्वतः उचलू नका, गडी लावा, बीपीची गोळी विसरू नका. आई, लसीचा दुसरा डोस चुकवायचा नाही, गरोदर बायकांना २ जुलैला परवानगी मिळाली तसा मीही पहिला घेतलाय. बाळ झालं की टेस्ट करून दोघंही या, हवे तितके दिवस राहा. फक्त आल्या आल्या मला 'आता हस बघू' म्हणू नका, बाळाला घ्या आणि मला झोपू द्या.

तुमची,
बाय