हलक्या धातूंचे संशोधन गोव्यातल्या संस्थांनी मिळून करावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणसंस्था आणि उद्योग यांच्यातल्या सामंजस्य करारांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. वाचून बरे वाटते. मात्र करारानंतर नेमक्या कोणत्या प्रश्नावर काम झाले, हे क्वचितच कळते. मी फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या कास्टिंगची, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतून केलेल्या भागांची, तपासणी करतो. आमच्या कामातला एक प्रश्न इथल्या सगळ्या संस्थांनी एकत्र येऊन हाती घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रश्न पावसाचा आहे. जून लागला की आमचे रिजेक्शन, म्हणजे बाद ठरणाऱ्या पीसचे प्रमाण, वाढते. वितळलेल्या ॲल्युमिनियमला ओल सोसत नाही. हवेतली वाफ, भंगाराला लागलेले पाणी, नीट न तापवलेली पळी, कुठूनही ओलावा आला की त्याची धातूशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि रसात, म्हणजे वितळलेल्या धातूत, विरघळतो. रस गोठताना मात्र तो हायड्रोजन धातूत मावत नाही, कारण घन ॲल्युमिनियमची त्याला सामावून घेण्याची क्षमता रसाच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढीच असते. उरलेला वायू आतल्या आत बुडबुडे करून बसतो. तपासणीसाठी आम्ही थोडा रस छोट्या कपात घेऊन हवा खेचून घेतलेल्या डब्यात गोठवतो आणि मधोमध कापतो. एप्रिलमध्ये हा काप गच्च, चकचकीत निघतो. जुलैत त्याच भट्टीतला काप घावनासारखा भोकाभोकांचा दिसतो. पीस बाहेरून निर्दोष असतो. मशीनिंगला, म्हणजे यंत्रावर कापायला-घासायला, गेल्यावर भोके उघडी पडतात, नाहीतर दाबाच्या चाचणीत हवा गळते. रसात आर्गॉन किंवा नायट्रोजन वायू सोडून आम्ही डिगॅसिंग करतो, म्हणजे हायड्रोजन बाहेर काढतो, त्याने फरक पडतोच. पण बाहेर धो धो पाऊस असताना ते किती वेळ करावे, त्यानंतर रस किती वेळ भट्टीत ठेवला तर चालेल, हे आजही जुन्या कामगाराच्या अंदाजावर चालते. तो कामगार निवृत्त झाला की त्याचा अंदाजही त्याच्याबरोबर जातो.

दुसरी अडचण भंगाराची. खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्क्यांत भंगारापासून तोच धातू मिळतो. त्यामुळे पुढचा काळ भंगाराचाच आहे, यात मला शंका नाही. पण भंगारात स्क्रू, बोल्ट, खिळे राहून जातात, त्यांचे लोखंड रसात उतरते आणि एकदा उतरले की बाहेर काढणे फार अवघड. आमचा एक ब्रॅकेट गिऱ्हाइकाकडे बसवताना तुटला. तुकडे घेऊन मी इथल्याच एका संस्थेत गेलो. सूक्ष्मदर्शक होता, तो चालवणारा मुलगाही हुशार होता, पण बाहेरचे काम घ्यायचे कसे, पैसे कोणत्या खात्यात भरायचे, हे ठरलेले नव्हते. शेवटी नमुना राज्याबाहेर पाठवला. अहवाल आला तोवर ती ऑर्डर गेली होती. अहवालातल्या फोटोत तुटल्या जागी लांबच लांब सुया दिसत होत्या. लोखंड, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून या सुया बनतात आणि तडा त्यांच्याच कडेने धावतो. मँगेनीज घातले तर त्यांचा आकार बदलून धोका कमी होतो. लोखंड अगदीच काढून टाकणेही परवडत नाही, कारण प्रेशर डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात (डायमध्ये) दाबाने रस भरताना, ते थोडे असले तरच धातू डायला चिकटत नाही. मग आमच्याकडे येणाऱ्या भंगाराला किती लोखंड आणि किती मँगेनीज हा हिशेब योग्य? यावर एखाद्या विद्यार्थ्याला सहज पीएचडी करता येईल.

आणि हे सारे ज्या हवेत वापरायचे ती आपली खारी हवा. पोलादाचे वजन घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनियमचे २.७ आणि मॅग्नेशियमचे तर १.७४. बोटी आणि बस हलक्या झाल्या तर इंधन वाचते, हे सांगायला नको. वास्कोत गोवा शिपयार्ड जहाजे बांधते, सत्तरीत होंडा परिसरात बसच्या बॉडी तयार होतात, म्हणजे हलका धातू लागणारे उद्योग आपल्या दारात आहेत. पण ॲल्युमिनियमला पोलादाचा बोल्ट लावून त्यावर खारे पाणी पडले की बोल्टाभोवतीचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मॅग्नेशियम तर त्याहून नाजूक. गोव्यात चार पावसाळे बाहेर ठेवलेल्या जोडाचे काय होते, हे गोव्यातच मोजावे लागेल.

ही मोजमापे करू शकतील अशा संस्था एकमेकींपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. फर्मागुढीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयआयटीही २०१६ पासून त्याच आवारात आहे. कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स, ताळगावला गोवा विद्यापीठ आणि दोनापावलाला समुद्राच्या पाण्याचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला ती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. एकाकडे भट्टी, दुसऱ्याकडे सूक्ष्मदर्शक, तिसऱ्याकडे खाऱ्या पाण्याचे ज्ञान. एकट्या कुणाच्या हातून हा प्रश्न सुटणारा नाही.

बाहेर हे झालेले आहे. इंग्लंडमध्ये ब्रुनेल विद्यापीठाने बर्मिंगहॅम आणि ऑक्सफर्डला बरोबर घेऊन वितळलेल्या धातूवर संशोधन करणारे केंद्र उभारले आणि उद्योगांनाही सामील करून घेतले. ॲल्युमिनियमच्या रसावर ऑक्साइडची साय येते. आम्ही ती घाण म्हणून काढून टाकतो. तिथल्या संशोधकांनी रस जोरात घुसळून आतल्या ऑक्साइडच्या पापुद्र्यांचे बारीक कण केले आणि त्याच कणांवर गोठणाऱ्या धातूचे बारीक, एकसारखे दाणे (स्फटिक) धरायला लावले. दोष होता त्याचा उपयोग केला! असे काम धातुशास्त्राचा माणूस, यंत्र बनवणारा आणि भट्टीवरचा कामगार एका टेबलाशी बसल्याशिवाय होत नाही. आपल्याजवळ नागपूरला ॲल्युमिनियमसाठीच काढलेले जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र आहे, त्यांचाही हात धरता येईल.

कारखानदारांनाही थोडे बदलावे लागेल. बाद पीस आपण भट्टीत परत टाकतो आणि नोंद वहीत दडवतो, कारण शेजारच्याला कळले तर गिऱ्हाईक जाईल ही भीती. कारखान्याचे नाव न लिहिता त्या दिवसाची आर्द्रता, रसाचे तापमान आणि रिजेक्शन एवढे तीन आकडे रोज दिले, तर दोन पावसाळ्यांत संशोधकांकडे दुसरीकडे कुठे न मिळणारी माहिती जमेल. विद्यार्थ्यांनीही औद्योगिक भेटीचा ग्रुप फोटो काढून न परतता एक पूर्ण शिफ्ट भट्टीजवळ काढावी.

राज्य सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने या संस्थांची आणि लहान कारखानदारांची एक बैठक बोलवावी, अशी माझी विनंती आहे. बाहेरचे नमुने तपासण्याचे दर आणि मुदत सर्व संस्थांनी मिळून ठरवून जाहीर करावी. बैठक पावसाळ्याआधी झाली, तर येत्या जूनपासूनच नोंदी सुरू करता येतील. आमच्या पाळीतल्या नोंदी ठेवायला मी तयार आहे.

आपला,
कास्टिंग तपासणीचे काम करणारा एक वाचक,
फोंडा, गोवा