व्रोत्सवाफच्या चौकात मला थांबवणाऱ्या आजींना

आदरणीय आजी,

सविनय नमस्कार.

आपले नाव मी त्या दिवशी विचारले नाही, ही माझीच चूक. म्हणून हे पत्र आपल्या पत्त्यावर न पाठवता असे उघड लिहावे लागत आहे. पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरात श्फिद्नित्स्का आणि पिल्सुद्स्की हे रस्ते जेथे मिळतात, त्या चौकात नकाशात डोके खुपसून चाललेल्या ज्या कोल्हापूरकराला आपण दंडाला धरून थांबवलेत, तो मी.

त्या शहरात जागोजागी बसवलेले ब्राँझचे चिमुकले बुटके शोधत मी फिरत होतो आणि पुढच्याच पावलाला पदपथाच्या फरशीतून वर आलेल्या एका ब्राँझच्याच माणसावर आदळणार होतो. आजूबाजूला पाहिले, तर पूर्ण उंचीची माणसे पावलागणिक जमिनीत रुतत गेलेली होती. मी लगेच कॅमेरा काढला. आपण मात्र मान हलवलीत, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायला लावलेत आणि मला रस्त्यापलीकडे नेलेत. तिकडे तशीच माणसे भुईतून पुन्हा वर येत होती. अलीकडच्या बाजूनेच फोटो काढून मी निघून गेलो असतो, तर अर्धेच शिल्प पाहून परतलो असतो.

आपल्या मोजक्या इंग्रजीतून कळले ते असे : शिल्पकार येझी कालिना यांनी 1977 मध्ये वॉर्सात तात्पुरत्या मांडलेल्या पुतळ्यांवरून या चौदा आकृती घडल्या आणि 2005 मध्ये, 12 डिसेंबरच्या रात्री, शहर झोपलेले असताना येथे बसवण्यात आल्या. 13 डिसेंबर 1981 रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र कामगार संघटनेचे हजारो कार्यकर्ते एक तर डांबले गेले किंवा भूमिगत झाले. तारीख सांगताना आपण बोट जमिनीकडे केलेत, ते मला अजून दिसते.

मी ज्यांच्या मागे होतो ते बुटकेही त्याच काळातले निघाले. सरकारविरोधी घोषणांवर फासलेल्या रंगाच्या डागांवर ‘ऑरेंज ऑल्टरनेटिव्ह’ या सरकारविरोधी चळवळीची मंडळी बुटके रंगवत, याची आठवण म्हणून 2001 मध्ये याच श्फिद्नित्स्का रस्त्यावर पहिला बुटका बसवला गेला. मी मात्र त्यांना निव्वळ पर्यटकांची करमणूक समजत होतो!

निरोप घेताना आपण माझे गाव विचारलेत. मी ‘कोल्हापूर’ म्हणून मोकळा झालो आणि खरे सांगायचे ते गाडीत बसल्यावर आठवले. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत पुष्कळ स्त्रिया आणि मुले, 1943 ते 1948 या काळात आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी छावणीत राहत होते. हे आपल्याला त्या सिग्नलपाशीच सांगायला हवे होते. ते राहून गेले, म्हणून येथे लिहिले.

आपला कृतज्ञ,
एक कोल्हापूरकर प्रवासी