इशाऱ्याच्या रंगासोबत त्याचा अर्थही छापावा

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात ‘ऑरेंज अलर्ट’, ‘रेड अलर्ट’ असे मथळे रोज वाचायला मिळतात. परंतु त्या रंगाचा अर्थ बातमीत क्वचितच सापडतो, म्हणून हे पत्र.

भारतीय हवामान विभागाचे हे रंग म्हणजे पावसाची मोजपट्टी नव्हे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता कृती करा. रंग ठरवताना पावसाच्या अंदाजाबरोबरच तो पडण्याची शक्यता आणि त्याचा त्या भागावर होणारा परिणामही विचारात घेतला जातो, त्यामुळे दोन जिल्ह्यांचा रंग एकच असला तरी पाऊस सारखाच होईल असे नाही. पावसाचे प्रमाण कळते ते शब्दांवरून. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार पाऊस धरतात. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी; म्हणजे अतिमुसळधार पावसात शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर किमान साडेअकरा हजार लिटर पाणी पडते.

‘तुरळक ठिकाणी’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. जिल्ह्याला इशारा असूनही आपल्या दारात ऊन पडले, तर अंदाज चुकला असे आपण लगेच म्हणतो आणि पुढच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

आणखी एक गोष्ट वेळेची. हवामान विभागाचा दिवस मध्यरात्री नव्हे, तर सकाळी साडेआठला बदलतो. आमच्या सोसायटीतील एका शेजाऱ्यांनी इशारा असल्यामुळे दिवसभर गाडी बाहेर उंचावर ठेवली होती. रात्री बारा वाजले, इशारा संपला, असे समजून त्यांनी ती पुन्हा तळघरात लावली आणि पहाटे चार वाजता तेथे गुडघाभर पाणी साचले. इशारा तेव्हाही लागूच होता.

आपणांस विनंती की, मथळ्यात रंग देताना त्याखाली चौकटीत पावसाचे अपेक्षित प्रमाण, तो किती ठिकाणी होईल, इशारा कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत लागू आहे आणि तो केव्हा जारी झाला, एवढे अवश्य छापावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक